आत कुणीतरी आहे

पडद्यावर फायलींची हिरवी नावं भराभर उमटली, थांबली, आणि त्यांत इनेझचं एकही नाव नव्हतं. तिने यादी मागणारी तीच दोन अक्षरं पुन्हा दाबली. पुन्हा तीच नावं. गेल्या वर्षीची बिलं, कामगारांच्या हजेऱ्या, गोदामातला माल. कधी कुठे गेलंच नव्हतं अशा थाटात सगळं जागच्या जागी बसलेलं. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून यावं लागे, आणि एरवी त्या गार लादीवर अनवाणी उभं राहायला तिला फार आवडायचं. आज तिला त्या लादीचं भानच नव्हतं. शनिवारी ती रजेवर होती, गावच्या चर्चचा सण होता. शुक्रवारी संध्याकाळी निघताना तिने याच कप्प्यात आपला प्रोग्राम ठेवला होता, शेवटची चूक काढून, एकदा चालवून, हसून. यंत्राच्या पोटात असे कितीतरी कप्पे होते, प्रत्येकाला नाव होतं, आणि या कप्प्याचं नाव होतं 'काम'. आल्याच्या पहिल्या दिवशी युजीनसरांनी तिला सांगितलं होतं, "आपलं काम 'काम'मध्ये ठेवायचं, इकडेतिकडे पसारा नको." ती तसंच करत आली होती. आणि आता 'काम'मध्ये सगळ्यांचं सगळं होतं, फक्त तिचं नव्हतं.

पावसाळाभर तिने तो प्रोग्राम रचला होता. वसई स्टेशनच्या पूर्वेला, नवघरच्या शेडींमध्ये, पत्र्याचे डबे करणारा हा कारखाना. रंगाचे डबे, तेलाचे डबे, त्यांची झाकणं. सबंध कारखान्यात एकच खोली थंड, ती या यंत्राची; बाहेर प्रेसचे ठोके पडायचे आणि इथे काचेआड ते दूरच्या ढोलासारखे ऐकू यायचे. इनेझला ठेवलं होतं आकडे भरायला. गणितात बी.एस्सी. झालेली, बोरिवलीच्या क्लासला जाऊन प्रोग्राम लिहायला शिकलेली मुलगी, आणि दिवसभर बिलांचे आकडे ठोकायची. एकदा दुपारी डबा खाऊन हात धुवायला ती प्रेसच्या बाजूने गेली, तेव्हा तिथे कतरणीचा ढीग पडलेला दिसला. पत्र्यातून गोल झाकणं कापून घेतल्यावर उरलेली जाळी, तिच्यात चार गोलांच्या मधोमध तारेसारखे चकचकीत तुकडे, सगळं भंगारात जाणारं. ती बघत उभी राहिली आणि तिला एकदम आई दिसली. क्लारा तुस्कानो, गिरीजच्या आळीत फ्रॉक शिवणारी; पहिल्या कम्युनियनचे, लग्नाचे. कापडावर कागद मांडायची, एक बाही अशी, दुसरी उलटी, आणि दोघींच्या मधल्या पोकळीत कॉलर बसवायची, मग थोडं मागे सरून बघायची, तोंडात टाचण्या धरून, आणि टाचण्या न काढताच म्हणायची, "आता कय उरला सांग बघू?" काही उरलेलं नसायचं. मोठ्या झाकणांच्या ओळी जरा सरकवून मांडल्या तर? मधल्या पोकळीत लहान झाकणं बसली तर? त्या दुपारी तिला हात पुसायचं भान राहिलं नाही. ओल्या हातांनीच ती खोलीत परतली आणि लिहायला बसली, आणि त्या दिवसापासून तिच्या डोळ्यांपुढे सतत गोल फिरायचे. बसमध्ये गोल, चर्चमध्ये मिस्सा चालू असताना गोल, परवा सणाच्या मांडवातसुद्धा, बँड वाजत होता, पाहुणे वड्यांच्या टोपल्यांभोवती जमले होते, आणि ही मनात झाकणं सरकवत होती. अशी झिंग तिला आधी कधी आली नव्हती. एखादी ओळ बरोबर बसली की छातीत काहीतरी टुणकन उडायचं, इतकं की ती आजूबाजूला बघायची, कुणी ऐकलं की काय.

आणि आज शेठ बघायला येणार होते. दुपारी. रंगवाल्या कंपनीची मोठी ऑर्डर समोर होती आणि शेठ युजीनसरांना सरळ म्हणाले होते, मुलीचं ते गोलांचं प्रकरण प्रेसवर चालत असेल तर चालवा, नसेल तर यंत्र बिलांपुरतं ठेवा, बिलं भरायला हिशेबाचा फर्डिनंड आहे, आणखी माणूस कशाला. युजीनसरांनी ते तिला जसंच्या तसं सांगितलं होतं. साखर घालून बोलणं त्यांना जमत नसे.

ते आत आले तेव्हा इनेझ तिसऱ्यांदा तीच दोन अक्षरं दाबत होती. युजीनसर पापडी गावचे, चाळिशीकडे झुकलेले, पांढरा बुशशर्ट नेहमी परीटघडीचा. यंत्राची सगळी जबाबदारी त्यांची.

"सर, माझा प्रोग्राम गेला."

"गेला म्हणजे?"

"'काम'मध्ये नाही. काहीच नाही माझं. सगळं जुनं आहे."

त्यांनी वाकून पाहिलं. "जुनं असणारच. शनिवारी इंजिनियर येऊन दुसरी डिस्क बसवून गेला. दुरुस्त होऊन आली ना. 'काम' त्या डिस्कवरच असतं. तू कुठे ठेवलं होतंस?"

"'काम'मध्येच. तुम्हीच सांगितलं होतं."

"टेपवर प्रत?"

"टेप फक्त बिलांची निघते. ते पण तुम्हीच सांगितलं होतं." आपला आवाज चढतोय हे तिला कळत होतं आणि थांबवता येत नव्हता. "शनिवारी तुम्ही दोघंच होता इथे. तुमच्याशिवाय कुणाला पुसता येतं, सर?"

ते सरळ उभे राहिले. चेहऱ्यावर राग आला नाही, फक्त काहीतरी बंद झालं, खिडकी ओढून घ्यावी तसं. "मी कुणाचं पुसत नाही, इनेझ," ते म्हणाले आणि बाहेर गेले.

काचेचं दार सावकाश मिटलं. तिला वाटलं रडू येईल, पण रडू आलं नाही. उलट डोकं विलक्षण जागं झालं होतं, ताप चढताना होतं तसं. यंत्राचा पंखा घुमत होता. पुन्हा लिहावं? दुपारपर्यंत? तिने डोळे मिटले आणि पहिल्या ओळी आठवून पाहिल्या. आठवत होत्या, पण मधला भाग, तो लहान गोल मोठ्यांच्या मध्ये शिरायचा भाग, तो आठवेना. तो एका संध्याकाळी बोटांतून आपोआप आला होता आणि दुसऱ्या दिवशी वाचताना तिलाच नवल वाटलं होतं. आई एकदा म्हणाली होती, गिऱ्हाइकाचं कापड हरवलं तर नवं आणता येतं, पण बेतलेलं कापड हरवलं तर बेतणंच हरवतं.

काचेवर टकटक झाली. काशीराम, प्रेसचा फोरमन, कामणचा. हाताला ग्रीस म्हणून त्याने कोपरानेच काच वाजवली होती. दार किलकिलं करून त्याने तोंड आत घातलं, थंड हवा लागली तसा शहारला.

"बाय, प्रेस मोकळी ठेवलीय. कापायच्या डाय पन लावल्या, बारकी न् मोठी. तू बोलशील तवा चालू."

"काशीरामदादा, जरा थांबावं लागेल."

"थांबतो की. पन एक सांग, मधी बारकं झाकन खरंच बसंल? माझा पोरगा बोलतो, बाबा, कागदावर सगलं बसतं."

"बसेल," ती म्हणाली. आणि हे म्हणताना तिला जाणवलं की तिची खात्री तसूभरही कमी झालेली नाही. प्रोग्राम कुठेतरी आहे आणि तो बरोबर आहे. हे कुठून आलं? काशीराम गेला. ती खुर्चीत मागे रेलली. कुठेतरी आहे. असं तिला एकदाच वाटलं होतं, फार लहानपणी, आणि ती जागा आता इतकी स्पष्ट दिसली की मेणबत्त्यांचा वाससुद्धा आला. ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे शेवटचे दिवस होते. ती पप्पांबरोबर चर्चमध्ये गेली आणि तिथे संतच नव्हते. सगळ्या मूर्तींच्या जागी जांभळ्या कापडाचे उंच उंच आकार. रविवारी बघितलेला संत आंतोन नाही, त्याच्या कडेवरचं बाळ नाही, निळ्या झग्याची मरियामाय नाही. ती घाबरून रडायलाच लागली. कुणी नेले? पप्पांनी इकडेतिकडे बघितलं, फादर दिसत नव्हते, तसं तिला खांद्यावर घेतलं आणि कोपऱ्यातल्या मूर्तीच्या पायाशी कापडाची कड हळूच उचलली. आत अंधारात दोन पाय होते, तपकिरी सपाता, एका अंगठ्याचा रंग उडालेला. तोच, ओळखीचा अंगठा. "हाय ना?" पप्पा कानात म्हणाले. "गेला नाय. वर कापड हाय फक्त." तेव्हा तिला जे वाटलं होतं ते आनंद या शब्दात मावणारं नव्हतं, चर्चभर जांभळ्या कापडांखाली सगळे जण गुपचूप उभे आहेत आणि हे आपल्याला माहीत आहे!

ती ताठ बसली. वर कापड आहे फक्त.

डिस्क यंत्राला नुसती जोडून चालत नाही, हे तिला क्लासात शिकवलं होतं. ती कुठल्यातरी कप्प्याच्या तोंडावर चढवावी लागते, त्याला माउंट करणं म्हणतात. मग त्या कप्प्यात शिरलेला माणूस थेट त्या डिस्कवर जाऊन पोचतो. उतरवली की कप्पा पुन्हा साधा कप्पा. दुसरी डिस्क पावसाळ्याच्या तोंडाला दुरुस्तीला गेली तेव्हा ती उतरवलेली होती; नवी बिलं तेवढ्यापुरती दुसऱ्या कप्प्यात जात. म्हणजे पावसाळाभर 'काम' हा नुसता कप्पा होता, पहिल्या डिस्कवरचा, रिकामा, उघडा. आणि तिने त्यातच घर केलं होतं, कुणाला ठाऊक नसताना, तिलाही ठाऊक नसताना. शनिवारी इंजिनियरने येऊन त्याच तोंडावर दुसरी डिस्क चढवली. आत कुणी आहे का, हे कुणी पाहिलं नाही. कशाला पाहतील? मग खालचं गेलं कुठे? पहिली डिस्क लहान, भरत आलेली. म्हणून रोज सकाळी तिच्यावर किती जागा उरली ते इनेझ बघायची, आई तांदळाच्या डब्यात हात घालून बघते तशी. शुक्रवारचा आकडा तिला तोंडपाठ होता. प्रोग्राम कुणी पुसला असता तर ती जागा मोकळी झाली असती, आकडा वाढला असता. तिने विचारलं. यंत्राने आकडा दिला.

शुक्रवारचाच.

ती उठली. पुन्हा बसली. पुन्हा उठली. खोलीत कुणी नव्हतं तरी तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं, कारण आतून हसू यायला लागलं होतं. मग टेबलाच्या खणातून झेरॉक्सचं जाडजूड मॅन्युअल काढून माउंटचं पान उघडलं, बोट ठेवून ठेवून वाचलं, आणि चपला न घालताच धावत युजीनसरांच्या टेबलाशी गेली.

"सर, तुम्ही नाही पुसलं."

"ते मी सांगितलंच."

"कुणीच नाही पुसलं. ते खाली आहे. डिस्कच्या खाली. आपण डिस्क उतरवली तर दिसेल."

त्यांनी पेन ठेवलं. ती बोलत सुटली, कप्पा, तोंड, शुक्रवारचा आकडा, सगळं एका दमात, मध्येच "सर, मघाशी मी बोलले ते" असं म्हणून थांबली, त्यांनी हाताने ते बाजूला सारलं आणि म्हणाले, "आकडा परत सांग." तिने सांगितला. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं, पण लगेच कपाळाला आठी पडली.

"रिकाम्या कप्प्यावरच माउंट करायचं, एवढं मला शिकवलंय. भरलेल्यावर केलं तर खालच्याचं काय होतं, हे मी कधी बघितलं नाही."

"मी पण नाही."

"आणि ही डिस्क परवा बसलीय. सबंध पावसाळा मुंबईला पडून होती. आता उतरवली आणि परत चढलीच नाही तर? शेठ दुपारी येणार, आणि मी त्यांना काय सांगू, बिलं पण गेली?"

पायाला बाहेरची फरशी तापलेली लागत होती. आपण काय मागतोय हे तिला पहिल्यांदा नीट कळलं. आपल्या एका प्रोग्रामसाठी या माणसाने सबंध कारखान्याचं वर्ष हातात उचलून धरायचं. "तुम्ही नको म्हणालात तर नको," ती म्हणाली. "मी पुन्हा लिहीन. आज नाही होणार, पण लिहीन."

युजीनसर तिच्या अनवाणी पायांकडे बघत होते. मग एकदम उठले. "फर्डिनंड अंकल काय करतायत? आज टेप काढलीय का बिलांची? आधी टेप काढू. मग बघू तुझा संत आंतोन."

तिने संत आंतोनचंही सांगितलं होतं की काय? बोलण्याच्या भरात सांगितलं असावं.

टेप फिरायला लागली आणि ती दोघं तिच्याकडे बघत उभी राहिली. एरवी या खोलीत ती त्यांच्याशी कामापुरतं बोलायची. आता खांद्याला खांदा लावून उभं राहणंसुद्धा काही विशेष वाटत नव्हतं. टेप थांबली. युजीनसर मुख्य पडद्यासमोर बसले, मोठ्या हक्काने आत शिरले, तो हक्क फक्त त्यांनाच होता. आणि डिस्क उतरवायची आज्ञा दिली.

पडद्यावर एकच शब्द आला. बिझी.

"आत कुणीतरी आहे," युजीनसर म्हणाले. "कुणी आत उभं असेल तर ते उतरू देत नाही."

शेजारच्या खोलीत फर्डिनंड अंकल आपल्या पडद्यापुढे चष्मा कपाळावर चढवून बसले होते. कारखान्याचे जुने हिशेबनीस, एका कानाने कमी ऐकणारे.

"अंकल, बाहेर या जरा."

"चहा आला?"

"चहा नाही. कॉम्प्युटरमधून बाहेर या."

"माझं बिल अर्ध्यावर आहे रे. अर्धं बिल सोडून कोण उठतं?"

"बिल पूर्ण करा आणि निघा," युजीनसर ओरडले, त्यांच्या बऱ्या कानाशी. इनेझ त्यांच्या खुर्चीमागे उभी होती आणि अंकल एकेक आकडा एकेका बोटाने दाबत होते, प्रत्येक आकड्यानंतर कागदाकडे बघत, पुन्हा पडद्याकडे बघत. तिला त्यांच्या खांद्यांवरून हात घालून सगळं बिल स्वतः ठोकावंसं वाटत होतं. शेवटी ते बाहेर आले, पडदा कोरा झाला, आणि "आता तरी चहा सांगा" म्हणत त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

युजीनसरांनी पुन्हा आज्ञा दिली. बिझी.

"आता कोण?" त्यांनी कपाळावरचा घाम पुसला, त्या गार खोलीत. "दुसरं कुणी नाही कारखान्यात. डिस्कमध्येच काही बिघाड असेल तर..." त्यांचा आवाज कोरडा पडला होता. इनेझ पडद्यावरच्या त्या शब्दाकडे बघत होती. बिझी. आत कुणीतरी आहे, बाहेर यायला तयार नाही. तिने मनात सगळ्यांना मोजलं, शेठ नाहीत, अंकल बाहेर आहेत, सर इथे, आणि मग तिची नजर कोपऱ्यातल्या तिच्या स्वतःच्या पडद्याकडे गेली. सकाळी जशी सोडली होती तशीच हिरवी नावं तिथे लुकलुकत होती. ती सकाळी 'काम'मध्ये शिरली होती आणि निघालीच नव्हती. इतका वेळ ती स्वतःच आत उभी होती, दारात पाय रोवून, आणि बाहेर सगळ्यांना विचारत होती, कोण आहे, कोण आहे.

"सर," ती म्हणाली, "मीच आहे."

युजीनसरांनी मान वळवून पाहिलं, त्यांना कळायला क्षण लागला, आणि मग ते हसले. तिने त्यांना कधी हसताना पाहिलं नव्हतं; दोन दातांमध्ये फट होती आणि त्या फटीमुळे ते अगदी लहान दिसले. ती आपल्या खुर्चीशी गेली. बाहेर पडायचं म्हणजे फक्त चार अक्षरं दाबायची होती, तरी ती घुटमळली. बाहेर पडून खाली काहीच नसेल तर? आत आहे तोवर निदान आशा आहे. पावसाळ्यातल्या सगळ्या संध्याकाळी तिच्या बोटांच्या टोकांशी येऊन थांबल्या. काचेपलीकडे काशीराम प्रेसला टेकून विडी ओढत उभा होता, तिची वाट बघत. तिने अक्षरं दाबली आणि बाहेर पडली.

"द्या आता."

युजीनसरांनी आज्ञा दिली. पडदा काही बोलला नाही. काही न बोलणं म्हणजे झालं. डिस्कची पेटी हलकेच कुरकुरली आणि गप्प झाली.

"तू बघ," ते म्हणाले आणि खुर्ची मागे सरकवली.

ती उभ्यानेच वाकली. 'काम'मध्ये शिरली. तीच दोन अक्षरं. आणि नावं आली, थोडीशीच, वरच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून बसलेली, तिने ठेवलेली, एका नावाचं स्पेलिंग चुकलेलं, ते तिनेच चुकवलेलं. ती किंचाळली की काय ते तिला नंतर आठवलं नाही, पण काशीरामने विडी टाकली आणि फर्डिनंड अंकल चहाचा ग्लास घेऊन धावत आले, त्या कमी ऐकणाऱ्या कानासकट. "काय झालं? आग लागली?" युजीनसर नुसते पडद्याकडे बघत होते आणि पुन्हा पुन्हा म्हणत होते, "खाली होतं. अरे, खालीच होतं."

त्यांनी फायली दुसऱ्या कप्प्यात हलवल्या, वर टेपवरही घेतल्या. मग डिस्क पुन्हा चढवायची वेळ आली आणि हसू ओसरलं. युजीनसरांनी आज्ञा दिली. पेटी फिरायला लागली, एक बारीक शीळ घालत, आणि पडदा स्तब्ध. इनेझला आपल्या आनंदाची लाज वाटायला लागली. हे बिलांचं वर्ष आता आपल्यामुळे गेलं तर? तिने नकळत सरांच्या खुर्चीची पाठ घट्ट पकडली. पडदा स्तब्धच. मग प्रॉम्प्टची छोटी खूण उमटली. 'काम'मध्ये बिलं, हजेऱ्या, गोदाम, सगळं जागच्या जागी. युजीनसरांनी छातीवर क्रूसाची खूण केली, घाईत, अर्धीच.

दुपारी शेठ आले तेव्हा प्रिंटर कर्कर करत कागद ओकत होता. त्यावर आकडे होते, पत्रा कुठे धरायचा, किती सरकवायचा. काशीरामने कागद प्रेसवर चिकटवला, एकदा तिच्याकडे बघितलं, "बोल बाय," म्हणाला. तिने मान हलवली. मोठी डाय पडली, पत्रा सरकला, पुन्हा पडली. तो ठोका काचेपलीकडून ऐकू यायचा तसा नव्हता, इथे जमीन हादरत होती आणि तो हादरा तिच्या पोटऱ्यांतून वर येत होता. ओळ संपली, दुसरी ओळ अर्धं झाकण सरकवून सुरू झाली. मग काशीरामने पत्रा बारक्या डायखाली घेतला. तिने डोळे मिटले नाहीत. बारकी झाकणं एकामागून एक खाली पडायला लागली, खळखळ, टोपलीत, मोठ्यांच्या मधल्या पोकळीतून निघालेली. शेवटी उरलेली कतरण काशीरामने दोन बोटांनी उचलली. ती इतकी बारीक जाळी होती की त्याच्या हातात लवली, मासळीच्या काट्यासारखी. "हे काय उरलं?" शेठ म्हणाले. "हेच की," काशीराम म्हणाला. शेठनी ती जाळी हातात घेतली, उजेडात धरली, फिरवून बघितली, आणि युजीनसरांकडे वळून म्हणाले, "हिला बिलांतून काढा. आजपासून हीच करू दे हे सगळं."

शेठ गेल्यावर ती सरांच्या मागोमाग थंड खोलीत आली. अंगावर प्रेसच्या तेलाचा वास होता आणि कानात अजून ठोके पडत होते. तिला घरी पळत जावंसं वाटत होतं, कुणालातरी सांगावंसं, आणि त्याच वेळी इथून हलूच नये असं वाटत होतं. प्रोग्राममध्ये आता तिसऱ्या मापाचं झाकणही घालता येईल, चौकोनी पत्रा नसला तरी चालेल, गोल सोडून दुसरे आकारही. विचार एकमेकांवर आदळत होते.

"बस," युजीनसर म्हणाले. त्यांनी आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली, स्वतःची, मुख्य पडद्यासमोरची.

"सर?"

"मला मस्कतची नोकरी लागलीय. व्हिसा आला. पुढच्या महिन्यात जाणार." ते टेबलावरची धूळ बोटाने पुसत होते, जी तिथे नव्हती. "शेठना सांगितलंय. मुंबईहून कुणी माणूस आणा म्हणणार होतो. आता म्हटलं, गरज नाही."

सकाळी याच माणसाला ती काय बोलली होती. ते जाणार, आणि यंत्र इथेच राहणार, रोज रात्री बंद, रोज सकाळी चालू, डिस्क चढवायची, उतरवायची, कुणी विचारायला नाही. "मला सगळं नाही येत," ती म्हणाली.

"मला पण नव्हतं येत आज सकाळपर्यंत." ते पुन्हा हसले, ती दातांची फट. "महिना आहे. जे मला येतं ते देतो. बाकी तू मॅन्युअल वाच, बोट ठेवून वाचतेस तसं. आधी हे कर. मोठ्या हक्काचा पासवर्ड आत्तापर्यंत माझा होता. तो बदल. तुझा टाक. मला सांगू नकोस."

"तुम्हालाही नाही?"

"मला तर मुळीच नाही. जाणाऱ्या माणसाने चावी घेऊन जाऊ नये."

ते खिडकीशी गेले आणि पाठ करून उभे राहिले. बाहेर कामगारांची पाळी सुटत होती. कुणी शीळ घालत होतं, सायकलींच्या घंटा वाजत होत्या. इनेझ खुर्चीत बसली. खुर्ची तिच्यासाठी उंच होती, पाय जेमतेम लादीला टेकले. यंत्राने नवा शब्द मागितला. कुठला शब्द? क्षणभर सगळे शब्द एकदम दाराशी आले, गर्दी करून, आणि मग त्यांतला एक पुढे झाला, जो तिने आजवर मोठ्याने कुणापुढे उच्चारला नव्हता, स्वतःपुढेसुद्धा नाही. तिने तो एकेक अक्षर दाबून टाकला. पडद्यावर काहीच उमटलं नाही. तो शब्द तिथे दिसत नसतो. पुन्हा एकदा टाका, यंत्र म्हणालं. तिने पुन्हा टाकला, या वेळी न बघता, भरभर. पडदा घटकाभर काळाच राहिला. मग खालच्या डाव्या कोपऱ्यात यंत्राची ती छोटी खूण लुकलुकायला लागली, पुढची आज्ञा मागत, आणि ती आता फक्त तिचीच वाट बघत होती.